पुरात बुडालेला डेस्कटॉप चालू होत नाही: दोष कुठे आहे ते कसं शोधायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. दुकान तळमजल्यावर, नदीचं पाणी रात्रीत आत आलं आणि टेबलाखालचा कॅबिनेट सकाळपर्यंत निम्मा पाण्यात उभा होता. पाणी उतरल्यावर तुम्ही बाजूचं झाकण काढून तो दोन दिवस उन्हात ठेवला आणि तिसऱ्या दिवशी वीज जोडली. बटण दाबलं की पंखा क्षणभर हलतो आणि थांबतो, स्क्रीनवर काही येत नाही. तेव्हापासून रोज एक-दोनदा बटण दाबून बघणं चालू आहे. आत दुकानाचे सगळे हिशेब आहेत, जीएसटीची बिलं आहेत आणि त्यांची दुसरी प्रत कुठेच नाही.

सगळ्यात आधी उठून पॉवर कॉर्ड भिंतीतून काढा. बटण न दाबणं पुरेसं नाही, कॉर्डच काढा. भिंत आणि मशीन यांच्यामध्ये यूपीएस असेल तर त्याचीही वायर काढा, कारण लाइट गेलेली असली तरी यूपीएसची बॅटरी बराच वेळ २३० व्होल्ट देत राहते. पूर आला त्या रात्री यूपीएस चालू होता का, हे आठवून बघा. महावितरणने लाइट आधीच बंद केली होती म्हणून मशीनमध्ये वीज नव्हती, असं धरून चालू नका.

कॉर्डवर इतका जोर देण्याचं कारण आहे. डेस्कटॉप बंद असतो तेव्हाही एसएमपीएस, म्हणजे भिंतीतल्या विजेपासून आतल्या भागांसाठी कमी व्होल्ट बनवणारा डबा, मुख्य बोर्डाला (मदरबोर्डाला) ५ व्होल्टचा एक पुरवठा सतत देत असतो. याला स्टँडबाय म्हणतात. बटण दाबलेलं ओळखायला आणि नेटवर्कवरून मशीन उठवायला तो लागतो. त्यातच बोर्डावरचा ३ व्होल्टचा बटण सेल घड्याळ चालवत असतो. शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही, पण पुराचं पाणी म्हणजे गाळ, गटार, शेतातलं खत, साबण आणि मीठ यांचं मिश्रण. त्या पाण्याचा पातळ थर दोन टोकांमध्ये राहिला आणि त्या टोकांमध्ये व्होल्टेज असलं, की पॉझिटिव्ह बाजूचा तांबं-कथिल झिजायला लागतो आणि निगेटिव्ह बाजूला केसासारखे धातूचे तंतू वाढत जातात. बोर्डावर हिरवं दिसतं ते तांब्याचं, पांढरी भुकटी दिसते ती बहुतेक कथिलाची किंवा ॲल्युमिनियमची. ही झीज वीज असताना काही तासांत दिसू लागते, वीज नसताना कितीतरी सावकाश होते.

वाळवल्यावर पाणी उडून जातं, क्षार तिथेच राहतात. पावसाळ्यातल्या हवेतली ओल ते क्षार पुन्हा ओढून घेतात आणि तोच थर परत वीज वाहू लागतो. दुपारी चाललेलं मशीन रात्री मरतं ते यामुळे. ऑगस्ट २०१९ मधल्या सांगली-कोल्हापूरच्या पुरानंतर आणि २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरानंतर माझ्या टेबलावर आलेल्या मशीनांमध्ये एक गोष्ट ठळक दिसली. चिखलाने भरलेली पण कुणीही वीज न लावलेली मशीनं वाचली. वरून स्वच्छ दिसणारी, पंख्याखाली वाळवून 'चालतंय का बघू' म्हणून चालू केलेली मशीनं गेली. तुमचं मशीन या दोन्हींच्या मध्ये आहे. एसएमपीएस क्षणात बंद होतोय, म्हणजे त्याचं संरक्षण अजून काम करतंय. आशा सोडण्याचं कारण नाही.

आता डेटा. मशीनची किंमत ठरलेली आहे, हिशेबांची नाही, म्हणून पुढचं सगळं करण्याआधी डिस्क बाहेर काढा. बटण दाबायचे प्रयोग चालू असताना ती जोडलेलीच होती, असं मी धरतो. तेवढ्या क्षणभराच्या विजेने ती गेलीच असं नाही, पण आता ती परत त्या एसएमपीएसला जोडायची नाही.

कॅबिनेटच्या पत्र्यावर आतून गाळाची आडवी रेघ दिसेल. डिस्क त्या रेघेच्या वर होती का खाली, ते बघा. वर असेल तर ती कोरडी आहे. डिस्क यूएसबीवर जोडणारी सॅटा-यूएसबी केबल किंवा डॉक घेऊन ती दुसऱ्या चांगल्या मशीनला लावा आणि आधी सगळा डेटा दोन जागी उतरवून घ्या. मग बाकीच्या दुरुस्तीला निवांत वेळ मिळेल.

रेघेच्या खाली असेल तर डिस्क कोणत्या प्रकारची आहे यावर सगळं ठरतं. फिरणारी हार्ड डिस्क असेल तर तिच्या पृष्ठभागावर एक बारीक भोक दिसतं, बहुतेकींवर 'हे भोक झाकू नका' अशा अर्थाचं इंग्रजीत छापलेलं असतं. आतल्या आणि बाहेरच्या हवेचा दाब सारखा राहावा म्हणून ते ठेवलेलं असतं. त्याच्या आत फिल्टर असतो, तो धूळ अडवतो, रात्रभर साचलेलं पाणी अडवत नाही. त्या भोकाभोवती गाळ दिसत असेल तर ती डिस्क कुठल्याही मशीनला जोडू नका, उघडू नका, हलवून आवाज ऐकू नका. तबकडी आणि वाचणारा हेड यांच्यातलं अंतर काही नॅनोमीटर असतं. वाळलेल्या गाळाचा एक कण त्या अंतरापुढे डोंगराएवढा आहे आणि एकदा डिस्क फिरली की तो तबकडीवरचा थर खरवडून काढतो. अशी डिस्क स्वच्छ कक्ष असलेल्या डेटा रिकव्हरीवाल्याकडेच द्यायची. ओली असतानाच दिली तर ते ओलीच मागतात, हवाबंद पिशवीत ठेवलेली, कारण आत वाळलेला गाळ काढणं जास्त कठीण जातं. तुमची वाळून झाली आहे, ती आता घरी परत भिजवू नका, आहे तशीच पिशवीत बंद करून द्या. फक्त हिरवी पट्टी, म्हणजे डिस्कखालचा छोटा बोर्ड, तसल्याच दुसऱ्या डिस्कचा बसवून देतो असं कुणी म्हणालं तर त्याला विचारा, रॉम चिप हलवणार का. आजच्या डिस्कांमध्ये त्या चिपमध्ये त्या एकाच डिस्कची जुळणी साठवलेली असते, नुसता बोर्ड बदलून बहुतेक वेळा काम होत नाही.

एसएसडी असेल तर चित्र फार बरं आहे. आत फिरणारं काही नाही. केस उघडून बोर्ड खाली सांगतो तसा धुवून, पूर्ण वाळवून यूएसबीवरून वाचता येतो. बोर्डावर आडवी बसणारी एम.२ असेल तर तिच्या वरचा धातूचा पत्रा आणि खालचा थर्मल पॅडही काढा, पाणी तिथेच बसून राहतं.

आणखी एक गोष्ट आधी करून ठेवा. विंडोज १० किंवा ११ असेल तर डिस्कवर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डेटा कुलूपबंद करणारी सोय, चालू असू शकतं, तुम्ही स्वतः कधी चालू केलेलं नसलं तरी. डिस्क दुसऱ्या मशीनला लावली किंवा बोर्ड बदलला की ते ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. मशीन ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने चालू केलं होतं त्या खात्यात फोनवरून जाऊन ती की सापडते का बघा आणि कागदावर लिहून ठेवा. ती नसेल तर चांगल्या डिस्कमधूनही हिशेब बाहेर येत नाहीत.

विमा असेल तर काहीही धुण्याआधी फोटो काढा. गाळाची रेघ, लेबलवरचे सिरीयल नंबर, आतला चिखल, सगळं त्यात दिसू द्या. तलाठ्याचा पंचनामा आणि विमा कंपनीच्या सर्व्हेअरची भेट होईपर्यंत कुठलाही भाग टाकून देऊ नका, जळलेला एसएमपीएससुद्धा.

आता त्याच गाळाच्या रेघेवरून मशीन वाचू. जुन्या किंवा स्वस्त कॅबिनेटमध्ये एसएमपीएस वरच्या बाजूला असतो, नव्यांमध्ये बहुतेक तळाशी. तुमचा तळाशी असेल तर तो रात्रभर पूर्ण बुडाला होता. उभ्या बोर्डावर प्रोसेसर, रॅम आणि प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग वरच्या निम्म्यात असतो. खालच्या निम्म्यात ग्राफिक्स कार्डचे स्लॉट, चिपसेट (यूएसबी, डिस्क वगैरे सांभाळणारी मोठी चिप), सॅटाचे म्हणजे डिस्क जोडायचे पोर्ट, पुढच्या बटणांच्या आणि यूएसबीच्या पिना, आणि बहुतेक बोर्डांवर बटण सेल व बायोसची चिप (मशीन सुरू करणारा पहिला प्रोग्राम तिच्यात असतो). म्हणजे निम्म्या पाण्यात तुमचा प्रोसेसर आणि रॅम बहुधा कोरडी राहिली. महागड्या दोन वस्तू शाबूत असण्याची शक्यता चांगली आहे, आणि शंकेच्या यादीत वरचे चार: एसएमपीएस, पुढची बटणं आणि यूएसबी, चिपसेटचा परिसर, सेलजवळचा घड्याळाचा भाग.

बुडालेल्या एसएमपीएसबद्दल माझं मत पक्कं आहे: तो वाळवून वापरायचा नाही, बदलायचा. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागावर, २३० व्होल्टच्या लाइटमधून साधारण ३२५ व्होल्ट डीसी साठतात आणि कॉर्ड काढल्यावरही काही वेळ राहू शकतात, म्हणून तो उघडायचाही नाही. शिवाय आतल्या नियंत्रणाच्या भागात क्षार राहिले आणि बाहेर जाणारं व्होल्टेज वाढलं, तर तो जाताना बोर्ड आणि डिस्क दोन्ही घेऊन जातो. गेलेला आहे की नाही एवढं बघायचं असेल तर दुकानातला सिरीज बल्ब पुरतो. १०० वॅटच्या साध्या, तारेच्या (एलईडी नव्हे) बल्बच्या सिरीजमध्ये एकटा एसएमपीएस लावा. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर आत सरळ शॉर्ट नाही, भगभगीत पेटून राहिला तर आतला भाग उडालाय. दुकानात ३० मिलिअँपियरचा ईएलसीबी, म्हणजे गळती झाली की लाइट तोडणारा स्विच, असेल आणि कॉर्ड लावताच तो पडत असेल, तर लाइटची गळती अर्थिंगकडे चालली आहे. अशा वेळी पत्र्याच्या कॅबिनेटला हात लावणंही धोक्याचं. चाचणीसाठी मित्राचा चालू एसएमपीएस आणा किंवा नवीन घ्या. नवीन घेतलेला वाया जात नाही, बोर्ड गेला तरी पुढच्या मशीनला चालतो.

आणलेला एसएमपीएसही बोर्डाला लावण्याआधी तपासा. २४ पिनांच्या प्लगमधली हिरवी वायर कुठल्याही काळ्या वायरला तारेच्या तुकड्याने जोडली की तो चालू होतो. पिवळी आणि काळी यांच्यामध्ये ११.४ ते १२.६, लाल-काळीमध्ये ४.७५ ते ५.२५, नारिंगी-काळीमध्ये ३.१४ ते ३.४७ व्होल्ट मिळायला हवेत. सगळ्या वायरी काळ्या असतील तर प्लगच्या पिनांचा नकाशा बघून मोजा. मोजताना काहीतरी भार लावा, नाहीतर आजारी एसएमपीएसही चांगले आकडे दाखवतो. गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब पिवळ्या-काळीवर लावला की पुरेसा भार होतो.

आता बोर्डाची सफाई, आणि यात घाई करू नका. हातमोजे घाला. हा पुराचा गाळ आहे, त्यात गटार आहे, हाताला खरचटलेलं असेल तर लेप्टोची भीती असते. सेल काढा, रॅम काढा, ग्राफिक्स कार्ड काढा, सगळ्या केबली काढा आणि बोर्ड कॅबिनेटच्या बाहेर घ्या. चिपसेटवरचा धातूचा हीटसिंकही काढा, कारण त्याच्या खाली आणि थर्मल पॅडच्या कडेला गाळ हमखास अडकतो. प्रोसेसर कोरडा असेल तर त्याला हलवू नका. सॉकेटमधल्या पिना एका बोटाच्या धक्क्याने वाकतात आणि त्या सरळ करणं फार किचकट काम आहे.

गाळ आधी पाण्यानेच काढायचा, पण नळाच्या नाही. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर पेट्रोल पंपावर किंवा गॅरेजला मिळतं, ते वापरा. बोर्ड प्रोसेसरची बाजू वर धरून तिरका ठेवा आणि खालचा निम्मा भागच मऊ ब्रशने, वरून खाली, धुवा. स्लॉटांच्या आत, सॅटा आणि यूएसबीच्या पोर्टांमध्ये, मागच्या लॅन पोर्टाखाली, स्टिकरांखाली पाणी जाऊन स्वच्छ बाहेर येईपर्यंत धुवायचं. त्यानंतर ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, दुकानात आयपीए म्हणून मागा. ते पाण्याला आपल्यात मिसळून घेतं आणि उडून जातं, म्हणून आधीचं पाणी बाहेर काढायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. सॅनिटायझरमध्ये पाणी आणि ग्लिसरिन असतं, तो नको. थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर प्लास्टिक खातात. गंज सोडवायचा तेलकट स्प्रे मारला की मागे तेलाचा थर राहतो, त्यावर धूळ बसते आणि पुढे दोष शोधणंच अवघड होतं. आयपीए पटकन पेटतं, तेव्हा हे काम उघड्यावर करा, जवळ गॅस, उदबत्ती, समई काही नको.

जिथे हिरवं-पांढरं दिसेल तिथे आयपीएत भिजवलेल्या ब्रशने पुन्हा पुन्हा घासा. घासल्यावर खालचा तांब्याचा मार्ग तुटलेला किंवा एखाद्या चिपचा पाय खाल्लेला दिसला, तर त्याचा जवळून फोटो काढून ठेवा. बोर्ड दुरुस्त करणाऱ्याचं काम त्या एका फोटोने निम्म्यावर येतं.

वाळवायला बोर्ड उभा ठेवा आणि पंख्याचा वारा द्या, किमान दोन दिवस. एसीची खोली असेल तर उत्तम. भर पावसात, विशेषतः कोकणात, नुसत्या पंख्याने वाळत नाही. तेव्हा झाकणाच्या मोठ्या डब्यात सिलिका जेलच्या भरपूर पुड्यांसोबत ठेवा. तांदळात पुरून ठेवण्याने काही होत नाही, उलट पीठ स्लॉटांत जातं. हेअर ड्रायर जवळून मारला तर पाणी चिपांच्या खाली ढकललं जातं आणि प्लास्टिकचे पोर्ट वाकतात.

वाळल्यावरही लगेच वीज नाही. आधी मल्टिमीटर ओहमवर ठेवून बोर्डाची तपासणी. बीपर वापरू नका. पुष्कळ मीटरचा बीपर ३०-४० ओहमलाही वाजतो आणि चांगला बोर्ड शॉर्ट वाटतो. २४ पिनांच्या जागेवर १२ व्होल्टची पिन आणि ग्राउंड यांच्यामध्ये मोजा, मग ५ व्होल्ट, ३.३ व्होल्ट, ५ व्होल्ट स्टँडबाय, आणि प्रोसेसरजवळच्या ४ किंवा ८ पिनांच्या जागी १२ व्होल्ट. आकडा हळूहळू वर चढत असेल तर ते कपॅसिटर भरण्याचं लक्षण, ठीक आहे. शेकड्यांत किंवा हजारांत स्थिरावला तर उत्तम. ३.३ व्होल्टवर तो थोडा कमी येऊ शकतो, घाबरू नका. पण कुठेही ओहम-दोन ओहमवर अडकला तर तिथे शॉर्ट आहे आणि तो काढल्याशिवाय वीज लावायची नाही. प्रोसेसरच्या १२ व्होल्टवर शॉर्ट निघाला तर बहुतेक वेळा तिथला एखादा मॉस्फेट (वीज चालू-बंद करणारा छोटा भाग) गेलेला असतो. तुमच्या मशीनमध्ये तो भाग पाण्याच्या वर होता, तेव्हा मला तिथे शॉर्टची अपेक्षा नाही.

तुम्ही सांगितलेलं लक्षण इथे उपयोगाला येतं. पंखा किती वेळ फिरतो, यात बरंच उत्तर दडलेलं असतं, म्हणून मी पहिला प्रश्न नेहमी हाच विचारतो. अर्धा सेकंद हलून थांबला आणि परत बटण दाबल्यावर काहीच होत नसेल, कॉर्ड काढून लावल्यावरच पुन्हा एकदा हलत असेल, तर एसएमपीएसने शॉर्ट ओळखून स्वतःला बंद केलंय. शॉर्ट बोर्डावर असेल, कार्डात असेल, डिस्कमध्ये असेल किंवा पुढच्या यूएसबीतही असेल. चार-पाच सेकंद फिरून थांबत असेल तर वेगळाच संशय घ्यायचा. पॉवरचं बटण चार सेकंदांहून जास्त दाबून धरलं की मशीन जबरदस्तीने बंद होतं, ही सोय सगळ्या डेस्कटॉपमध्ये असते. बटणाच्या आत पाणी किंवा क्षार अडकले, की बोर्डाला वाटतं कुणीतरी बटण दाबूनच ठेवलंय. अशा मशीनचे बोर्ड बदलले गेलेले मी पाहिलेत, आणि दोष होता तो छोट्याशा बटणात. सहा-आठ सेकंद फिरून, बंद होऊन, आपोआप परत फिरत असेल, तर वीज ठीक आहे आणि अडचण रॅम किंवा बायोसकडे आहे. फिरतच राहिला आणि स्क्रीन काळी असेल तर तेच, फक्त ग्राफिक्सही त्या यादीत घ्यायचं.

म्हणून पहिली चाचणी कॅबिनेटच्या बाहेर. बोर्ड कोरड्या पुठ्ठ्यावर ठेवा, ज्या चकचकीत रुपेरी पिशवीतून बोर्ड येतात तिच्यावर नको, तिच्या बाहेरच्या बाजूवरून वीज वाहू शकते. बोर्ड, प्रोसेसर, त्याचा पंखा आणि तपासलेला एसएमपीएस एवढंच जोडा. नवीन सेल बसवा. रॅम नाही, कार्ड नाही, डिस्क नाही, पुढची एकही वायर नाही. बीप देणारा छोटा स्पीकर मात्र लावा, तो नसेल तर पुढची निम्मी माहिती मिळणारच नाही.

कॉर्ड लावा आणि बटण दाबण्याआधी जांभळ्या आणि काळ्या वायरमध्ये, म्हणजे स्टँडबायवर, व्होल्ट मोजा. बोर्ड जोडलेला असतानाही ४.७५ च्या वर हवेत. बोर्ड जोडताच ते कोसळत असतील तर त्या रेषेवर काहीतरी वीज पितंय. स्टँडबायवर चिपसेट, लॅनची चिप आणि यूएसबीचा भाग जिवंत असतो. बोटाच्या पाठीने हळूच स्पर्श करून बघा कोणती चिप गरम होते. बोटाला कळत नसेल तर कॉर्ड काढून त्या भागावर आयपीएचा पातळ थर द्या आणि मग वीज लावून बघा, सगळ्यात आधी जिथे वाळतं तिथे दोष. नुसती कॉर्ड लावल्यावर काही सेकंदांत चिपसेट हात लावता येणार नाही इतका तापला, तर त्या बोर्डावर पुढे खर्च करू नका असंच मी सांगेन. चिपसेटचे जोड त्याच्या पोटाखाली असतात, तिथे ब्रश पोहोचत नाही, आणि तो काढून नवा बसवण्याच्या खर्चात वापरलेला बोर्ड येतो.

स्टँडबाय ठीक असेल तर पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडा. पंखा फिरत राहिला तर मोठं काम झालं. तुमचा दोष जुन्या एसएमपीएसमध्ये किंवा काढून ठेवलेल्या वस्तूंपैकी एकात होता.

काहीच हललं नाही तर सेलच्या आसपास बघा. तिथे ३२.७६८ किलोहर्ट्झचा एक बारीक क्रिस्टल असतो, छोट्या डबीसारखा किंवा नळीसारखा. घड्याळाचे ठोके तोच देतो. बऱ्याच बोर्डांवर, विशेषतः इंटेलच्या, हे ठोके थांबले की बोर्ड चालू होण्याची आज्ञाच पुढे देत नाही. या क्रिस्टलच्या दोन पायांमधला प्रवाह इतका सूक्ष्म असतो की क्षाराचा डोळ्यांना न दिसणारा थरही तो बंद पाडतो. शॉर्ट नाही, स्टँडबाय उत्तम, तरी बोर्ड मेलेला, अशा पूरग्रस्त बोर्डावर मी सगळ्यात आधी हीच जागा आयपीएने पुन्हा धुतो, आणि बोर्ड उठलेले पाहिलेत. सेलची पट्टी गंजलेली असेल तर तीही घासा, आणि बोर्डावरच सेलचे व्होल्ट मोजा.

पंखा फिरतोय पण रॅम नाही, तेव्हा स्पीकरने बीप द्यायला हवा. बीप किती आणि कसे ते बायोस बनवणाऱ्यावर अवलंबून असतं, ते मोजत बसू नका. आवाज आला एवढंच महत्त्वाचं. रॅम नाही हे सांगायलाही प्रोसेसर चालावा लागतो आणि बायोस वाचली जावी लागते, म्हणजे दोन्ही जिवंत आहेत. आवाज आला नाही तर प्रोसेसर, बायोसची चिप किंवा त्यांच्या मधला मार्ग. बायोसची चिप आठ पायांची असते आणि तुमच्या बोर्डावर पाण्याच्या पट्ट्यात होती, तिच्या पायांमध्ये ब्रश फिरवा. आतला मजकूर बिघडला असेल तर प्रोग्रामर असलेला दुरुस्तीवाला तो पुन्हा भरून देतो.

मग रॅमची एकच पट्टी लावा. सोनेरी कडा आयपीएच्या कापडाने पुसा. आपल्याकडे खोडरबर मारायची पद्धत आहे, पण त्याचे कण स्लॉटात पडतात आणि सोन्याचा मुलामा झिजतो. डिस्प्ले बोर्डावरच्या पोर्टातून घ्या. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सच नसेल, जसं इंटेलच्या एफ अक्षर असलेल्या प्रोसेसरांत नसतं, तर मात्र कार्ड लावावंच लागेल. तुमचं कार्ड बुडालं होतं, तेव्हा आधी दुसऱ्याचं लावा. नव्या बोर्डांवर प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स, बूट असे चार छोटे दिवे असतात, कोणता पेटून राहतो ते बघितलं की अंदाजपंचे काम उरत नाही.

स्क्रीनवर बायोस दिसली की एकेक वस्तू परत जोडत जा, प्रत्येक वेळी कॉर्ड काढून. पुढचे यूएसबी सगळ्यात शेवटी. त्या पोर्टांच्या आत गाळ इतका घट्ट बसतो की मी ती पट्टी धुण्याऐवजी वायरच काढून ठेवतो. पॉवरचं बटण मात्र नवीन घालावं, रीसेटचं बटण कोरडं असेल तर तात्पुरतं त्याच पिनांवर लावूनही चालतं. बुडालेली हार्ड डिस्क या मशीनला जोडायची नाही, हे पुन्हा सांगतो.

मशीन चालू झालं तरी त्याला लगेच मुख्य काम देऊ नका. आठवडाभर चालवा, रोज बंद करून थंड झाल्यावर चालू करा, कारण क्षाराचे दोष थंड आणि दमट असताना डोकं वर काढतात. महिन्याभराने झाकण काढून टॉर्चने बघा. हिरवं पुन्हा दिसलं तर सफाई अपुरी झाली आहे, सगळं परत करावं लागेल. तोवर हिशेब रोज बाहेरच्या डिस्कवर उतरवत राहा.

बोर्ड वाचलाच नाही तर प्रोसेसर आणि रॅम ठेवून त्याच सॉकेटचा वापरलेला बोर्ड घ्या. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जुन्या पिढीचे बोर्डही मिळतात. घेताना डोळ्यांसमोर बायोस दाखवायला सांगा आणि सेलजवळ, स्लॉटांच्या मुळाशी हिरवट डाग नाहीत ना ते बघा. पुरानंतर बाजारात येणाऱ्या वापरलेल्या मालात बुडालेले बोर्डही असतात.

तुमच्या बाबतीत माझा अंदाज असा: एसएमपीएस गेलेला आहे, आणि सोबत पुढचं बटण किंवा यूएसबी किंवा ग्राफिक्स कार्ड यांपैकी एकात शॉर्ट आहे. बोर्ड वाचण्याची शक्यता मला चांगली वाटते. तो धुवून वाळला की वीज लावण्याआधीचे पाचही ओहमचे आकडे, बोर्डाचं मॉडेल आणि सेलच्या भागाचा जवळून काढलेला फोटो पाठवा. डिस्क रेघेच्या वर होती की खाली, ते मात्र आजच बघून कळवा.